हरकत असल्यास कारण लिहा

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! टेम्पोत बाबा ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते, त्यामुळे त्या गरीब माणसाला चार तास 'हात कसे धुवावेत' यावर व्याख्यान ऐकावं लागलं. सामान उतरवल्यावर तो असा पळाला की चहालाही थांबला नाही.

क्वार्टर मस्त आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला अंगण. अंगणाच्या पलीकडे कारखान्याची भिंत. इथे सरस आणि जिलेटिन बनतं. जनावरांची कातडी आणि हाडं येतात, चुन्याच्या हौदांत महिनाभर मुरतात, मग उकळतात, आणि शेवटी त्यांची औषधाच्या कॅपसूलवरची पारदर्शक टोपी होते. आता अशा ठिकाणी वास येणारच. खोटं कशाला बोलू, जबरदस्त येतो. आंबलेल्या चरबीचा, ओल्या केसांचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, ते सगळ्यात वाईट. बाबांनी उतरताक्षणी नाकाला लावलेला रुमाल जेवायलाच काढला. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते ते. भाजीवाल्याने दिलेली सुटी नाणीही धुऊन घेतात. माझी धाकटी बहीण त्यांना साबणमास्तर म्हणते.

पण मी खूश आहे. जुन्या नोकरीत माझे अहवाल थेट कपाटात जायचे. दहा वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले, आणि त्या उत्तरांवर कोणी एक खुर्चीसुद्धा हलवली नाही. इथल्या मॅनेजरबाईंनी मुलाखतीतच सांगितलं की सर्वेक्षण झालं की पंधरा दिवसांत अंमलबजावणी होते. मला आणखी काय हवं?

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरबाई पन्नाशीच्या आहेत. कडक इस्त्री, हळू आवाज, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायची सवय. मला त्या फार आवडल्या. म्हणाल्या, लोकांना विचारल्याशिवाय आम्ही भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. बोलताना एक माशी त्यांच्या गालावरून चालत डोळ्याच्या कोपऱ्यापाशी गेली, तिथल्या ओलाव्यात सोंड बुडवून बराच वेळ बसली. बाईंनी पापणीही हलवली नाही. मी माझ्याच गालावर हात फिरवत राहिले.

दुपारी कँटीन पाहिलं. ते हौदांच्याच शेडमध्ये आहे, मध्ये काही आडोसा नाही. वाफ वर पत्र्याला लागते आणि थेंब थेंब खाली ताटांत पडते. पिवळट, दाट थेंब. टेबलावर कोपर टेकलं ते सोडवताना चर्र आवाज झाला. आचाऱ्याने वाढलेल्या रश्श्यावर साय धरली होती, आणि त्या सायीत एक आखूड, जाड, करडा केस उभा होता. माणसाचा नव्हता. माझ्या शेजारच्या बाईच्या ताटात तसे चार होते. ती ते रश्श्याबरोबर ओरपत होती.

मी उपाशीच उठले. नळाचं पाणी प्यायले, तर तेही जरा बुळबुळीत लागलं. जिभेवरून घसरत गेलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस जुनी सर्वेक्षणं वाचत बसले. चार आहेत, दर सहा महिन्यांनी एक. दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, हौदांवरची झाकणं काढली तर चालेल का. एकसष्ट टक्के लोक म्हणाले, चालेल. झाकणं काढली. मग कँटीन आणि हौदांमधली भिंत, तेव्हा चौऱ्याहत्तर टक्के. मग संडासांची दारं आणि सफाई, अठ्ठ्याऐंशी. (संडासांबद्दल मी लिहिणार नाही. मी आता घरी येऊनच जाते.) शेवटच्या वेळी साबण. सत्त्याण्णव टक्के लोकांनी लिहिलं की साबण नको. म्हणून कारखान्यात आणि वसाहतीच्या दुकानात साबण नाही. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. बरोबर आणलेल्या अकरा वड्या त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवल्या.

मला यात काळंबेरं दिसतं. एक तर प्रश्नच वाकडे. 'काम लवकर व्हावं म्हणून झाकणं काढली तर चालेल ना?' असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? दुसरं, प्रत्येक फॉर्मवर कामगाराचा हजेरी क्रमांक. नाव उघड असेल तर माणूस वरिष्ठांना हवं तेच लिहितो. लोक घाबरलेत, बाकी काही नाही. प्रश्न सरळ ठेवले, नाव काढून टाकलं, की खरं बाहेर येईल. ते मी आणीन.

बाईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या चिडतील. उलट खूश झाल्या. म्हणाल्या, अगदी मोकळ्या मनाने करा, आम्हाला खरंच हवं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज वीस जणांवर चाचणी घेतली. फॉर्मवर क्रमांक नाही, पेटी बंद, मी खोलीबाहेर. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली होती, एकदा सुलट, एकदा उलट, म्हणजे डोळे झाकून 'हो' लिहिणारा पकडला जातो.

एकही पकडला गेला नाही. वीसही जणांनी नीट वाचून, विचार करून उत्तरं दिली होती. शेडमधला वास किती त्रास देतो? वीसपैकी एकोणीस: अजिबात नाही. अन्नात केस किंवा किडे आढळल्यास काय करता? एकाने सुंदर अक्षरात लिहिलं होतं: चावतो.

विसावा माणूस नवा आहे, गेल्याच आठवड्यात लागलेला. त्याने रकान्याच्या बाहेर जाऊन पानभर लिहिलं होतं. शेवटच्या ओळी ओल्या होऊन पसरल्या होत्या. त्याला फॉर्म भरताना उलटी झाली होती, त्याचेच डाग.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यातल्या नर्सताईंना भेटले. जुन्या चारही सर्वेक्षणांत 'उत्तर दिलं नाही' या रकान्यात एकच व्यक्ती आहे, ती ह्या. वसाहतीत राहत नाहीत. रोज पाऊण तास सायकल मारत येतात, कॅरियरला पाण्याचे दोन कॅन बांधून.

त्यांनी कपाटातून एक वही काढली. नवीन लागलेला प्रत्येक माणूस सुरुवातीला त्यांच्याकडे येतो. ओकाऱ्या, भूक मेलेली, झोप नाही. मग साधारण तीन आठवड्यांनी येईनासा होतो. वहीत एकशे सहा नावं, आणि पुढे दिवस: वीस, एकवीस, एकोणीस, बावीस. त्या म्हणाल्या, ताई, हे लोक घाबरलेले नाहीत. यांची किळस गेलीय. दात पडावा तशी पडून गेलीय. हौदांचं सांडपाणी गाळून तेच वसाहतीच्या नळांना येतं, आणि पाण्यातलं काहीतरी हे करतं, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, आम्ही उकळून पितो, मग? त्या म्हणाल्या, उकळल्याने ते फक्त दाट होतं.

मला बाई जरा विक्षिप्त वाटल्या. पण येताना फाटकाबाहेरच्या टपरीवरून बाटलीबंद पाणी घेतलं. बाबांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. म्हणाले, याला औषधाचा वास येतोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाबा आज जेवणाआधी हात धुवायला उठले नाहीत.

जन्मापासून पाहतेय मी त्यांना. आई गेली त्या दिवशीही धुतले होते. मी आठवण केली तर म्हणाले, अगं स्वच्छच आहेत, आणि मला दाखवले. नखांत काळं होतं. त्याच हातांनी त्यांनी भात कालवला. बोटं चाटली, मग बोटांमधल्या बेचक्या चाटल्या, शांतपणे, एकेक.

मी ताट सरकवलं. चांगलं आहे, म्हणाले, तुझंही मला दे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म तयार झाला. सोळा प्रश्न. नववा मी मुद्दाम घातला: दवाखान्याची गरज आहे का? नर्सताईंच्या बाजूने चार आकडे हाती येतील.

छापायला देणार तर मॅनेजरबाईंनी एक चिठ्ठी पुढे केली. सतरावा प्रश्न. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. 'वसाहतीत कोणी वारल्यास त्या शरीराचा कारखान्यात सदुपयोग करावा, असं तुम्हाला वाटतं का?' कच्चा माल कमी येतोय, त्या म्हणाल्या. पण लोकांना नको असेल तर नाही करायचं.

मी स्पष्ट हरकत घेतली. म्हटलं, 'सदुपयोग' हा शब्द झुकता आहे. 'वापर' करा, आणि शेवटी 'करू नये' हाही पर्याय तितक्याच ठळकपणे द्या. बाईंना पटलं. त्यांनी लगेच बदललं, आणि खाली एक ओळ जोडली: हरकत असल्यास कारण लिहा.

घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं. मी शब्दाला हरकत घेतली. प्रश्नाला घेतलीच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळीच बाईंकडे गेले, सतरावा काढा म्हणायला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं की, लोकांचं उत्तर मी आधीच ठरवणार असेन तर त्यांना विचारायचं कशाला? हे वाक्य मी स्वतः गेली दहा वर्षं बोलत आले आहे.

मनात म्हटलं, विचारू देत. यावर तरी लोक नाही म्हणतील. माणसं आहेत शेवटी.

फॉर्म वाटले. चारशे बारा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाबांच्या पायात अंगणातलं हाड घुसलं. टाच चांगलीच फाटली. धुवा म्हटलं, साबणाची पेटी उघडली. साबणाच्या वासाने ते दोन पावलं मागे सरले. पट्टीही नको म्हणाले. ज्या माणसाने चाळीस वर्षं गावच्या जखमा बांधल्या तो आपली जखम उघडी टाकून पेपर वाचत बसला. माश्या आल्या. त्यांनी पाय जरा पुढे सरकवला, उन्हात.

मला किळस आली. चांगली, घशापर्यंत आली. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मोजणी संपली. चारशे बारापैकी चारशे अकरा फॉर्म आले. इतका प्रतिसाद मला आयुष्यात मिळाला नव्हता. तीनदा मोजलं. उलट-सुलट प्रश्न जुळवले. कुठे खोट नाही, कोणी घाबरलेलं नाही, कोणी कोणाचं पाहून लिहिलेलं नाही. मी केलेलं सगळ्यात चोख काम आहे हे.

दवाखान्याची गरज नाही: अठ्ठ्याण्णव टक्के.

सतरावा: करावा, शहाण्णव. करू नये, एक. उरलेल्यांनी लिहिलंय, दोन्ही चालेल.

हरकतीचं कारण फक्त तिघांनी लिहिलं. तिघांचं एकच. वाया जाणारा भाग फार असतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखाना बंद झाला. कुलूप लागताना मी तिथेच होते. नर्सताईंनी काल बाबांची टाच साफ करून बांधली होती. बाबांनी ती पट्टी रात्रीच सोडून टाकली, आणि तिला लागलेलं –

नाही. ते लिहिणार नाही.

नर्सताई सायकल हातात धरून माझ्या दारात आल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, दोघं आत्ताच्या आत्ता चला माझ्याबरोबर, सामान राहू दे. मी म्हटलं अहवालाची प्रत बांधायची आहे, शिवाय उद्या धाकटी गाडी घेऊन येतेच आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ओठांपाशी बोट नेऊन, हात न लावता, विचारलं, ते काय आहे?

आरशात पाहिलं. करडा केस होता. तोंडातून अर्धा बाहेर. दुपारपासून असावा.

मी कँटीनमध्ये जेवले होते. कधीपासून जेवते आहे तिथे?

१ मार्च, शनिवार

धाकटी आली. उंबऱ्यातच ओकली. वाकून, भिंतीला धरून, तीन वेळा. मला राग आला. माझं घर आहे ते.

मग तिने बाबांची टाच पाहिली आणि किंचाळली. अळ्या आहेत, ताई, तुला दिसत नाहीत का? दिसत होत्या की. कालपासून दिसत होत्या. पांढऱ्या, गुबगुबीत, जखमेच्या कडेला रांगेने हलणाऱ्या. मी त्यांच्याकडे पाहत चहा प्यायले होते. बाबा म्हणाले, असू दे गं, खाजवल्यासारखं वाटतं, बरं वाटतं.

ती बाबांना उचलायला गेली. त्यांनी खाटेची दांडी धरली ती सोडेनात. तिने मला मिठी मारली, रडत, चल म्हणत. तिच्या अंगाला साबणाचा वास मारत होता. फुलांचा. केसांना, मानेला, सगळीकडे. मी तिला ढकललं. जोरात ढकललं –

उद्या डॉक्टर घेऊन येते म्हणाली.

२ मार्च, रविवार

धाकटीचा फोन. निघतेय म्हणाली. मी म्हटलं नको, बाबा बरे आहेत. खोटं नव्हतं ते. मला ते खरंच बरे वाटत होते. मांडी घालून बसले होते, गुणगुणत.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं – पाय गुडघ्यापर्यंत काळा. आणि वास, असेल, असणारच – मला येत नाही. नाक जवळ नेलं. अगदी टेकवलं. ओलं लागलं.

काही नाही.

पुन्हा फोन केला. उचलत नाही ती. मी ढकललं तिला.

४ मार्च, मंगळवार

ताप. बडबडतात. दवाखान्यात गेले धावत – कुलूप. माझाच तक्ता दारावर चिकटवलाय, नववा प्रश्न, अठ्ठ्याण्णव टक्के, खाली माझी सही.

फाटकावरच्या माणसाकडे गाडी मागितली. त्याने विचारलं कशाला. सांगितलं. तो म्हणाला, पाय तर चांगला दिसत होता परवा. तो खरंच आठवून सांगत होता.

मी किळस आणायचा प्रयत्न करते आहे. डोळे मिटून. संडास आठवले. रश्श्यातले केस आठवले. ती माशी. भूक लागली.

५ मार्च, बुधवार

बाबा गेले. दुपारी. मी हात धरला होता. चिकट होता. मी हात पुसला नाही, त्यांच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, पुसावासा वाटला नाही म्हणून –

धाकटीला कळवलं. रडली. सकाळी येते म्हणाली, तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस.

संध्याकाळी मॅनेजरबाई आल्या. बरोबर हौदावरचे दोघं, हातगाडी बाहेर. बाई खाटेपाशी बसल्या, मला जवळ घेतलं, त्यांचे डोळे खरोखर भरून आले. म्हणाल्या, घरच्यांनी नाही म्हटलं तर आम्ही जसे आलो तसे जाऊ. फॉर्म दिलाय. एकच प्रश्न. माझाच आहे, 'वापर' शब्द आहे, दोन्ही पर्याय सारखे ठळक.

मी 'करू नये'वर खूण केली. केली खूण!

खाली कारणाची जागा आहे. लिहिलं – ते माझे बाबा आहेत. बाईंनी वाचलं. हळूच म्हणाल्या, ताई, ही माहिती झाली. कारण कुठे आहे?

बरोबर आहे त्यांचं. मीसुद्धा हे बादच धरलं असतं.

त्या थांबल्यात. घाई करत नाहीत. दोघं दारात बसून काहीतरी खाताहेत. धाकटी सकाळी येणार. सकाळपर्यंत काहीतरी लिहायला हवं, पटेल असं. शब्द आहे त्यासाठी एक, रोज वापरायचे मी, लहान मुलालाही येतो – नाक आक्रसतं, पोटातून काहीतरी वर येतं, त्याला म्हणतात –

मागे पानं चाळली. इथेच लिहिलाय मी तो, कितीदा. वाचता येतो. पण वाचल्यावर काही होत नाही.

बाबांकडे पाहिलं. एक माशी त्यांच्या ओठावर. मी उडवणार होते, हात उचललाही, मग म्हटलं, का?

बाई विचारताहेत, लिहिलं का.

लिहिते. हरकत आहे. हरकत अशी, की –